पलटी नांगरासाठी जुन्या ट्रॅक्टरवर डबल ॲक्टिंग व्हॉल्व्ह कसा बसवावा

जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट एकाच बाजूने जोर लावते. तेल आलं की आर्म वर जातात, तेल सोडलं की नांगराच्या वजनाने खाली येतात. पलटी नांगराच्या सिलिंडरला मात्र दोन्ही बाजूंनी दाबाचं तेल लागतं, म्हणून बाहेरून एक स्पूल व्हॉल्व्ह, म्हणजे आतला दांडा (स्पूल) सरकवून तेलाची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह, बसवावा लागतो. पाने, होज आणि ॲडॉप्टर हाताशी असतील तर काम अवघड नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: व्हॉल्व्हला कॅरी ओव्हर, म्हणजे दाबाचं तेल पुढे लिफ्टकडे नेणारी वेगळी वाट, न घेता तो लिफ्टच्या लाइनमध्ये जोडला जातो.

आधी आपला पंप ओळखा. पुढची जोडणी इंजिनवर चालणारा गिअर पंप आणि तिथून टॉपकडे, म्हणजे लिफ्टच्या वरच्या हाउसिंगकडे, जाणारा लोखंडी पाइप असलेल्या ट्रॅक्टरसाठी आहे. असा पंप इंजिन चालू असेपर्यंत तेल फेकतच राहतो. लिफ्ट उचलायची नसेल तेव्हा ते तेल टॉपमधून फिरून परत टाकीत जातं. मॅसी १०३५ सारख्या फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरचं गणित वेगळं आहे. तिथे पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो, पीटीओच्या (मागे अवजार फिरवणाऱ्या) शाफ्टवर फिरतो आणि त्याचा कंट्रोल सक्शनच्या, म्हणजे तेल ओढण्याच्या, बाजूला असतो. लिव्हर न्यूट्रलला असताना तो तेल देतच नाही. त्या ट्रॅक्टरला ही जोडणी जशीच्या तशी करू नका.

व्हॉल्व्ह घेताना मिनिटाला ४० लिटर क्षमतेचा, एका स्पूलचा, ओपन सेंटर (लिव्हर मध्ये असताना तेल आरपार जाऊ देणारा) मोनोब्लॉक (एकसंध बॉडीचा) घ्या. स्पूल मधोमध असताना सिलिंडरकडे जाणारी ए आणि बी ही दोन्ही तोंडं बंद राहणारी हवीत, नाहीतर पलटलेला नांगर धक्क्याने सरकतो. लिव्हर सोडला की स्प्रिंगने आपोआप मध्ये यायला हवा. अडकून राहणारा लिव्हर विसरला जातो, पंप रिलीफवर, म्हणजे जादा दाब सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हवर, चालत राहतो आणि तेल उकळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅरी ओव्हरची बुशी मागून घ्या. नांगराच्या किटमध्ये व्हॉल्व्ह येत असेल तरी ती बुशी त्यात आहे का, हे बघितल्याशिवाय पाना लावू नका.

कारण असं. व्हॉल्व्हच्या पी तोंडात पंपाचं तेल येतं, टी तोंडातून टाकीत जातं. बुशी नसताना टी तोंडच लिफ्टकडे जोडलं, तर लिफ्ट उचलताना दीडशे बारचा दाब उलटा टी खोलीत चढतो. ती खोली आणि स्पूलच्या टोकाचे सील एवढ्या दाबासाठी बनवलेले नसतात. सील फुटतं, कधी बॉडीलाच तडा जातो. कॅरी ओव्हरची बुशी बसवली की लिफ्टकडे जाणारा दाबाचा रस्ता आणि टाकीचा रस्ता वेगळे होतात. म्हणजे जोडणी अशी: पंपापासून पी ला, कॅरी ओव्हरपासून लिफ्टच्या टॉपला, टी पासून स्वतंत्र होजने टाकीला, ए आणि बी मागे नांगराच्या कपलरला (होज लावायच्या-काढायच्या जोडणीला).

काम सुरू करताना आर्म पूर्ण खाली सोडा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन-तीनदा वरखाली करून उरलेला दाब काढा. पंप ते टॉप हा मूळ पाइप कापू नका. अख्खा काढून, दोन्ही टोकं बांधून ठेवा. व्हॉल्व्ह काढायची वेळ आली तर तोच परत लागेल. त्याच्या जागी दोन होज येतील. दाबाच्या सगळ्या होज दोन जाळीच्या, म्हणजे आर-२ घ्या. ३/८ इंची आर-१ होजची मर्यादा साधारण १८० बार असते, आर-२ ची ३३० बार. जुन्या ट्रॅक्टरचा रिलीफ दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास उडत असला तरी धक्क्याचा दाब त्याहून वर जातो. टाकीची होज १/२ इंची ठेवा आणि तिचं टोक तेलाच्या पातळीखाली सोडा. वरून पडणारं तेल फेस करतं आणि तोच फेस पंप ओढतो. ब्रीदरच्या (हवा जाण्या-येण्याच्या) भोकात ती कधीच जोडू नका.

सरळ आट्यांच्या बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाच्या) तोंडांना डाउटी वॉशर (आत रबर असलेला धातूचा वॉशर) लावा, टेफ्लॉन टेप नाही. टेपचा तुकडा सुटून स्पूलमध्ये गेला की लिव्हर अडकतो. होज कापल्यावर आतून हवेने फुंकून मगच बसवा. मागच्या होजना इतकी ढील ठेवा की नांगर पूर्ण उचलून पलटला तरी त्या ताणल्या जाणार नाहीत आणि टॉप लिंकमध्येही चेपणार नाहीत.

तेल किती लागेल ते काढता येतं. ६३ मिमी बोअर आणि २०० मिमी स्ट्रोकच्या सिलिंडरमध्ये सुमारे ०.६२ लिटर तेल मावतं. ३/८ इंची होज मीटरला ७० मिली घेते, म्हणजे आठ मीटरला अर्धा लिटरच्या थोडं वर. एकदा सव्वा लिटर भरलं की पातळी जवळपास स्थिर राहते, कारण एका बाजूने तेल जातं तेव्हा दुसऱ्या बाजूने परत येतं. टिपिंग ट्रॉलीचं तसं नाही. ११० मिमी बोअर आणि १ मीटर स्ट्रोकचा जॅक साडेनऊ लिटर ओढून घेतो. त्याच लाइनवर ट्रॉली चालवायची असेल तर पंप कोरडा पडणार नाही ना, हे आधी बघा.

आता रिलीफ. व्हॉल्व्हचा स्पूल सरकला की लिफ्टकडचा रस्ता बंद होतो. मग टॉपमधला रिलीफ पंपाला वाचवू शकत नाही. वाचवतो तो फक्त नव्या व्हॉल्व्हचा रिलीफ. शिवाय तो लिफ्टच्याही आधी बसलेला आहे, म्हणून तो कमी ठेवला तर लिफ्टची ताकद घटते. पी च्या लाइनमध्ये ० ते २५० बारचा ग्लिसरीन गेज लावा. रिलीफचा स्क्रू बराच सैल करून सुरुवात करा, सिलिंडर टोकाला नेऊन लिव्हर तीन-चार सेकंदच धरा, गेज बघा, सोडा, थोडा आवळा. ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर थांबा आणि लॉकनट पक्का करा. जास्त उचलावं म्हणून टॉपच्या रिलीफखाली वॉशर घालायची सवय घातक आहे. त्यात आधी पंप जातो, नाहीतर लिफ्टचा सिलिंडर.

पहिल्यांदा नांगर जमिनीपासून उचलून, मंद इंजिनवर सिलिंडर टोकापासून टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवा, म्हणजे हवा निघेल. मिनिटाला २० लिटर देणारा पंप ०.६२ लिटर तेल दोन सेकंदांच्या आत भरतो. तीन-चारशे किलोचा नांगर एवढ्या झटक्यात पलटला तर पिन आणि बुश झिजतात. एकेरी थ्रॉटल व्हॉल्व्ह (एका दिशेने तेलाचा वेग कमी करणारा) लावा किंवा पलटताना ॲक्सिलरेटर कमी करा.

पंप गुरगुरत असेल आणि लिफ्टही उचलत नसेल, तर पी आणि टी उलटे लागलेत. लगेच बंद करा. नांगर पलटतो पण लिफ्ट हलत नाही, तर कॅरी ओव्हरची बुशी चुकीची बसली आहे. काम नसतानाही व्हॉल्व्ह तापतो, म्हणजे लिव्हर पूर्ण मध्ये येत नाही. पलटताना नांगर खाली बसतो, तर दोष लिफ्टच्या सिलिंडरच्या सीलचा किंवा चेक व्हॉल्व्हचा (तेल उलटं जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचा) आहे, नव्या व्हॉल्व्हचा नाही. नांगर अर्ध्यात थांबतो आणि गेज पूर्ण दाब दाखवतो, तेव्हा हायड्रोलिक सोडा आणि नांगराच्या पलटीच्या शाफ्टला ग्रीस मारा.

गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. बारीक भोकातून सुटलेली धार कातडीखाली तेल घुसवते. जखम टाचणीएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखत नाही, पण त्याच तासाला रुग्णालयात न गेल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो.