अमेरिकेत रूरल काउंटीत यूएसडीए लोन काढताय? या चुका टाळा

यूएसडीए लोन म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हमीवर, ग्रामीण भागातल्या घरासाठी लेंडर देतो ते शून्य डाऊन पेमेंटचं कर्ज. ते घ्यायचं म्हटलं की आपली मंडळी पहिल्यांदा क्रेडिट स्कोअर बघत बसतात. ६४० च्या वर असेल तर बऱ्याच लेंडरकडे फाईल सुरळीत पुढे सरकते, पण मी बघितलेल्या फाईली अडकल्या त्या भलत्याच ठिकाणी.

सगळ्यात आधी स्टेटस. यूएसडीएच्या गॅरंटीड लोनला सिटिझन नाहीतर ग्रीन कार्ड लागतं (रेफ्युजी, असायलम वगैरे वेगळं). एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) चालत नाही, ग्रीन कार्ड पेंडिंग आहे म्हणूनही चालत नाही. मग लोक म्हणतात एफएचए (सरकारी हमीचंच दुसरं गृहकर्ज) करू, तर तिथेही २५ मे २०२५ पासून एच-१बीवाल्यांना दार बंद झालंय. अशा वेळी साधं कन्व्हेन्शनल (सरकारी हमी नसलेलं) लोन बघा, उगाच तीन महिने घालवू नका. नवराबायकोपैकी एकाकडे ग्रीन कार्ड असेल तर त्याच्या एकट्याच्या नावावर करता येतं, पण इन्कम मोजताना दोघांचंही धरतात.

आणि खरी गंमत या इन्कममध्येच आहे. लोन फेडायला कोणाचा पगार धरायचा तो हिशोब वेगळा आणि घराच्या कमाईवर यूएसडीएने घातलेल्या लिमिटमध्ये बसता की नाही तो वेगळा, दुसऱ्यात घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची कमाई येते, लोनवर नाव असो वा नसो. आमच्या ओळखीतलं एक जोडपं, दोघांचे मिळून ९८ हजार डॉलर, दोन लहान मुलं आणि सोबत राहणारा मेहुणा, तो वेअरहाऊसमध्ये ३८ हजार कमवायचा. त्याचे धरले तर १ लाख ३६ हजार होतात आणि लिमिट तर १ लाख १९ हजार ८५०, असं म्हणून यांनी मेहुण्याला फॉर्ममधून गायबच केलं! त्याच्या डब्ल्यू-२ वर (कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मवर) पत्ता हाच, लेंडरने पकडलं, फाईल पहिल्यापासून. अहो, ते लिमिट चार माणसांपर्यंतचं आहे. मेहुणा धरला की माणसं पाच, आणि पाच ते आठला २०२५ मध्ये बहुतेक काउंटींत (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांत) १ लाख ५८ हजार २५० होतं. म्हणजे खरं सांगितलं असतं तर आरामात बसले असते, वर मुलांमागे ४८० डॉलर आणि डे-केअरचा खर्चही वजा झाला असता.

काउंटी रूरल आहे म्हणजे घर चालेलच असंही नाही. यूएसडीएच्या मॅपवर घराचा नेमका पत्ता टाकूनच बघा, काउंटीचं नाव टाकून काही कळत नाही. रस्त्याच्या अलीकडचं घर बसतं आणि पलीकडचं नाही, असं होतं. उलट दहाएक हजार वस्तीचं छान गाव, जिथे सगळी दुकानं आहेत, तेही कधीकधी बसतं. एजंट 'हा एरिया एलिजिबल आहे' म्हणाला तरी ऑफर देण्याआधी स्वतः बघा.

पुण्यात फ्लॅट आहे म्हणून घाबरू नका, अट असते ती नव्या घराच्या जवळपास राहण्याजोगं दुसरं घर नसावं अशी. पण त्या फ्लॅटचा हप्ता चालू असेल तर तो कर्जात धरतात, लपवू नका. घराचा हप्ता पगाराच्या २९ टक्के आणि सगळी कर्जं मिळून ४१ टक्के, साधारण हे गणित. क्लोजिंगच्या (म्हणजे घराचा व्यवहार पुरा होण्याच्या) आधी कर्जावर नवीन गाडी घेणारे महाभाग असतातच, त्यांना काय बोलणार.

डाऊन पेमेंट शून्य म्हणजे फुकट नव्हे. १ टक्का गॅरंटी फी (लोनमध्ये घालता येते) आणि दरवर्षी ०.३५ टक्के. ३ लाखांच्या लोनवर सुरुवातीला ३ हजार आणि पुढे पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ८८ डॉलर.

आता आमची स्वतःची चूक. लेंडरचं अप्रूव्हल आलं की झालं असं वाटलं होतं, पण फाईल त्यानंतर यूएसडीएच्या ऑफिसात जाते आणि तिथून कमिटमेंट (हमी द्यायला तयार असल्याचं पत्र) येईपर्यंत क्लोजिंग होत नाही, त्यात सरकारी शटडाऊन लागला तर बघायलाच नको. शिवाय घराला विहिरीचं पाणी, त्याची टेस्ट करायची होती, ती आम्ही शेवटच्या आठवड्यात लावली. अपार्टमेंटची लीज महिनाअखेर संपली आणि आम्ही बारा दिवस मित्राच्या बेसमेंटमध्ये, कुकर नेमका कुठल्या खोक्यात गेलाय ते शोधत.