जुन्या फायबरग्लास मोटर यॉटच्या हलची तुलना करताना या चुका टाळा

बर्ट्रम चांगली, हॅटरस चांगली की ग्रँड बँक्स (तिन्ही बोटींच्या कंपन्यांची नावं)? जुनी यॉट घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, आणि गाडी इथेच रुळावरून घसरते. शर्यतीची बैलजोडी आणि नांगरटीची बैलजोडी एकाच फुटपट्टीने मोजण्याचा हा प्रकार आहे. हल म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, आणि प्रत्येकीचा हल वेगळ्या कामासाठी.

सगळ्यात मोठा घोळ होतो डेडराइजमध्ये. डेडराइज म्हणजे हलचा तळ आडव्या रेषेपासून किती अंश वर उचललेला आहे तो कोन. बर्ट्रम ३१ या ३१ फुटी बोटीचा मागच्या टोकाला हा कोन सुमारे २४ अंश. रे हंट या डिझायनरने आखलेला हा डीप-व्ही (खोल व्ही आकाराचा) तळ घेऊन 'मॉपी' या बोटीने १९६० ची मायामी–नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकून दाखवली. (गंमत म्हणजे ती मॉपी लाकडी होती, फायबरग्लासची ३१ त्यानंतरची.) पण 'कोन जास्त तेवढी बोट चांगली' हा निष्कर्ष चुकीचा. हाच तळ वेगात लाटा कापतो आणि इंजिन बंद करून उभं राहिलं की डोलतो. शिवाय अनेक हलचा कोन पुढे जास्त आणि मागे कमी होत जातो. म्हणून मागचा एक आकडा पुरत नाही, मध्यभागी किती आहे तेही बघा. चाचणीच्या दिवशी बोट लाटांना आडवी उभी करून इंजिन बंद करायला सांगा. विकणाऱ्याला आवडणार नाही. तरी सांगा.

दुसरी चूक कंपनीच्या नावावर भिस्त ठेवण्याची. हॅटरसची पहिली ४१ फुटी बोट १९६० ची, रेखाटन जॅक हारग्रेव्हचं, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप हॅटरसच्या उग्र पाण्यात मासेमारीला जाता यावं हा उद्देश. पण त्याच हॅटरसने पुढे 'लाँग रेंज क्रूझर' काढल्या, आणि त्या पाणी ढकलत सावकाश जाणाऱ्या. नाव एक, तळ वेगळे. तेव्हा कंपनी नव्हे, मॉडेल बघा.

तिसरी चूक खिशाला सगळ्यात महाग पडते: संथ हलवर मोठं इंजिन. पाणी ढकलत जाणाऱ्या हलचा सोयीचा कमाल वेग पाणरेषेच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीवर बोट जितकी लांब असते त्या लांबीवर ठरतो. लांबीचं (फुटांत) वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. पाणरेषा ३६ फूट असेल तर साधारण ८ नॉट (तासाला ८ सागरी मैल). इथे एकूण लांबी धरू नका. पुढे निघालेली नाळ (बोटीचं पुढचं टोक) आणि मागचा स्विम प्लॅटफॉर्म वेग देत नाहीत. ग्रँड बँक्सचा तळ सेमी-डिस्प्लेसमेंट, म्हणजे या मर्यादेच्या थोडा वर जाऊ शकतो, पण त्यासाठी डिझेल भसाभसा जळतं आणि मागे मोठी लाट उठते. तिची खरी कमाई लांब कील, म्हणजे तळाखालचा उभा कणा, जो प्रोपेलरला खाली टेकण्यापासून वाचवतो.

ग्रँड बँक्स १९७३ पासून फायबरग्लासमध्ये येऊ लागली, तरी हलवर फळ्यांच्या रेघा ठेवल्या होत्या. त्या पाहून कुणी 'ही लाकडीच' म्हणत परत फिरतो!

'जुना फायबरग्लास जाड, म्हणजे निर्धास्त' हेही अर्धसत्य. सुरुवातीच्या बांधकाम करणाऱ्यांचा या मालावर पुरता विश्वास बसला नव्हता, म्हणून त्यांनी थरावर थर चढवले. तळ बहुतेकदा खरंच दणकट निघतो. सडतो तो डेक. सागवानी पट्ट्यांच्या स्क्रूंमधून पाणी आतल्या बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लायवुडमध्ये झिरपतं. हातोडीने ठोकत जा. टणत्कार थांबून बद्द आवाज आला की तिथे खूण करा. तळावरचे चार उथळ फोड पाहून मात्र घाबरू नका, भाव कमी करायला ते कामाचे.

आणि चाचणीत बोट नाक वर करून मागे बसत असेल, तर लगेच हलला दोष देऊ नका. आधी तळावरचं शेवाळ आणि कालवं, मग प्रोपेलर, मग टाक्या. मागची टाकी तुडुंब आणि पुढची रिकामी असेल, तर कुठलाही हल असाच बसेल.