जेनेरिक टाइप सेव्ह करताय? एडिटरमध्ये चालतं आणि फोनवर फुटतं, या चुका टाळा

युनिटी या गेम इंजिनात सेव्ह सिस्टिम लिहायला घेतली की पहिला मोह होतो तो जेनेरिक क्लासचा, म्हणजे ज्यात टाइपची जागा मोकळी ठेवून ती नंतर भरता येते. सेव्हडेटा<टी> असा एक क्लास, एक सेव्ह फंक्शन, एक लोड फंक्शन, टीच्या जागी काहीही टाका, कोड छोटा आणि सुटसुटीत. एडिटरमध्ये प्ले दाबलं की सगळं व्यवस्थित पळतं. मग आयफोनचा बिल्ड निघतो आणि पहिल्याच लोडला गेम क्रॅश होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे क्रॅश होतच नाही, गपचूप रिकामी इन्व्हेंटरी घेऊन सुरू होतो आणि पुढच्या ऑटोसेव्हला जुनी चांगली फाइल पण पुसून टाकतो. खेळणाऱ्याने महिनोन्‌महिने जमवलेलं सगळं गेलं तर ते परत आणता येत नाही, म्हणून हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो.

माझं मत आधीच सांगतो. जेनेरिक गेमच्या लॉजिकमध्ये बिनधास्त वापरा, पण जे डिस्कवर किंवा सर्व्हरकडे जाणार आहे तिथे साधे, नावानिशी ठरलेले क्लास ठेवा. खाली ज्या चुका दिल्यात त्या बहुतेक सगळ्या ही सीमा न पाळल्यामुळेच होतात.

एडिटरमध्ये चाललं म्हणजे झालं असं धरून चालणं

एडिटर मोनोवर, म्हणजे सी-शार्प चालवणाऱ्या रनटाइमवर, चालतो आणि मोनोकडे जेआयटी कंपायलर असतो, म्हणजे एखाद्या टाइपचा कोड आधीपासून तयार नसला तरी गरज पडली की तो जागच्या जागी बनवून घेतो. आयफोनवर अ‍ॅपल हे करू देत नाही. वेबजीएल आणि कन्सोलवरही तेच. अँड्रॉइडवर काही लोक म्हणतात आम्ही मोनो वापरू, पण गूगल प्लेने ऑगस्ट २०१९ पासून ६४-बिट बिल्ड सक्तीचा केलाय आणि युनिटीचा मोनो अँड्रॉइडवर ३२-बिट एआरएमच देतो, त्यामुळे स्टोअरवर जायचं तर आयएलटूसीपीपी घ्यावाच लागतो. आयएलटूसीपीपी सगळा सी-शार्प कोड बिल्डच्या वेळीच सी-प्लसप्लसमध्ये बदलतो आणि त्या वेळी जो टाइप त्याला दिसलाच नाही त्याचा कोड बनत नाही.

म्हणून तो प्रसिद्ध एरर येतो, एक्झिक्युशनइंजिनएक्सेप्शन, आणि पुढे लांबलचक वाक्य की अमुक मेथड कॉल करायचा प्रयत्न झाला पण तिचा ‘अहेड ऑफ टाइम’ (एओटी, म्हणजे आधीच बनवून ठेवलेला) कोड जनरेट झालेला नाही. बरेच जण हे वाक्य बघून घाबरतात आणि लायब्ररीच बदलायला निघतात, पण एरर नीट वाचा, उत्तर त्यातच असतं. मधे अवतरणात मेथडचं पूर्ण नाव असतं आणि त्यात कोन-कंसात टीच्या जागी काय बसलंय ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ स्टॅट<फ्लोट> किंवा लिस्ट<ग्रिडपोझिशन>. तो जो आतला टाइप आहे तो जवळजवळ नेहमी स्ट्रक्ट, ईनम किंवा इंट-फ्लोटसारखा व्हॅल्यू टाइप निघतो. कारण असं की स्ट्रिंग किंवा क्लास असेल तर मेमरीत फक्त पॉइंटर असतो, सगळ्या पॉइंटरचा आकार सारखा, त्यामुळे एकच कोड सगळ्यांना पुरतो. स्ट्रक्टचा आकार मात्र प्रत्येकाचा वेगळा, म्हणून प्रत्येकासाठी वेगळी प्रत लागते. म्हणूनच लिस्ट<स्ट्रिंग> बिनतक्रार चालते आणि शेजारचीच लिस्ट<ग्रिडपोझिशन> फुटते, आणि लोकांना वाटतं की काहीतरी भुताटकी आहे.

उपाय सोपा आहे. तो बंद टाइप, म्हणजे टीच्या जागी खरं नाव बसवलेला टाइप, कोडात कुठेतरी एकदा सरळ वापरून ठेवा. त्यासाठी एक मेथड लिहायची, जी कधीच कॉल होणार नाही, तिच्यात नवीन लिस्ट<ग्रिडपोझिशन> बनवायची, लागतील त्या जेनेरिक मेथड त्या टाइपने कॉल करायच्या आणि शेवटी एक एक्सेप्शन फेकायचं म्हणजे चुकून कोणी ती चालवलीच तर लगेच कळेल. वर प्रिझर्व्ह अ‍ॅट्रिब्यूट लावा, नाहीतर हाय स्ट्रिपिंगमध्ये (बिल्डच्या वेळी न वापरलेला कोड कापून टाकणं म्हणजे स्ट्रिपिंग) ती मेथडच कापली जाते आणि सगळं मुसळ केरात. न्यूटनसॉफ्ट या जेसन लायब्ररीचं युनिटी पॅकेज वापरत असाल तर त्यात एओटीहेल्पर नावाचा क्लास आहे, त्याच्या एन्शुअरलिस्ट आणि एन्शुअरडिक्शनरी या मेथड हेच काम करतात.

युनिटी २०२२ पासून फुल जेनेरिक शेअरिंग आलंय, म्हणजे टाइपची खास प्रत नसेल तर सगळ्यांना चालेल अशी एक सामायिक प्रत वापरली जाते. त्यामुळे हा एरर आता कमी दिसतो. पण ती सामायिक प्रत हळू असते, त्यामुळे मोठ्या मॅपचं लोडिंग नवीन व्हर्जनवर अचानक रेंगाळायला लागलं तर तिकडे पण बघा. आणि खालची भानगड त्याने अजिबात सुटत नाही.

स्ट्रिपिंगला विसरणं

ही चूक मला वरच्यापेक्षा जास्त धोकादायक वाटते कारण ती बऱ्याचदा काही बोलतच नाही. न्यूटनसॉफ्टसारखी लायब्ररी रिफ्लेक्शनने, म्हणजे गेम चालू असताना नावावरून टाइप शोधून, ऑब्जेक्ट बनवते. स्ट्रिपिंग करणारा लिंकर तुमचा कोड वाचतो, त्याला दिसतं की या क्लासचा कन्स्ट्रक्टर कोणीच कॉल करत नाही, या प्रॉपर्टीचा सेटर कोणीच वापरत नाही, मग तो ते कापून टाकतो, त्याच्या बाजूने तो बरोबरच असतो. कन्स्ट्रक्टर कापला गेला तर निदान एरर तरी येतो की डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर सापडला नाही. पण सेटर कापला गेला तर न्यूटनसॉफ्ट त्या प्रॉपर्टीला रीड-ओन्ली समजतो, जेसनमध्ये ‘कॉइन्स’ समोर ४८०० लिहिलेलं असतं आणि लोड झाल्यावर गेममध्ये शून्य. एरर नाही, लॉगमध्ये वॉर्निंग नाही, काहीच नाही.

इथे अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. क्लासच्या डोक्यावर प्रिझर्व्ह लावलं की आतलं सगळं वाचतं असं वाटतं, पण तसं नाहीये. त्याने फक्त तो टाइप आणि त्याचा डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर वाचतो, बाकी मेंबर्सवर वेगळं लावावं लागतं. सगळंच वाचवायचं असेल तर अ‍ॅसेट्स फोल्डरमध्ये लिंक डॉट एक्सएमएल फाइल ठेवा आणि त्यात टाइपपुढे प्रिझर्व्ह ऑल लिहा. जेनेरिक क्लासचं नाव तिथे कोन-कंसात लिहिलं तर ते जुळत नाही, नावानंतर बॅकटिक आणि टाइप पॅरामीटर किती आहेत तो आकडा लिहायचा, म्हणजे सेव्हडेटा<टी> असेल तर सेव्हडेटा`१ (आकडा अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरचा).

नक्की एओटीचा घोळ आहे की स्ट्रिपिंगचा हे कळत नसेल तर प्लेअर सेटिंग्जमध्ये मॅनेज्ड स्ट्रिपिंग लेव्हल मिनिमल करून एक बिल्ड काढा. मिनिमलमध्ये तुमच्या कोडाला हात लागत नाही, त्यामुळे दुखणं गेलं तर दोष स्ट्रिपिंगचा, राहिलं तर दुसरीकडे शोधा. पण हे फक्त निदानासाठी, तसंच शिप करून टाकू नका, कारण बिल्डचा साइज वाढतो आणि मूळ प्रश्न पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतो.

जेसनयुटिलिटीकडून नको त्या अपेक्षा

जेसनयुटिलिटी ही युनिटीची स्वतःची जेसन लिहिणारी-वाचणारी सोय. तिला सरळ एक लिस्ट द्या आणि काय मिळतं ते प्रिंट करून बघा. मिळतो एक उघडा महिरपी कंस आणि एक बंद महिरपी कंस, मधे काही नाही. शंभर आयटम असोत नाहीतर एक. ती वरच्या पातळीवर लिस्ट घेत नाही, त्यासाठी एक छोटा क्लास लागतो ज्याच्या आत ती लिस्ट फील्ड म्हणून असते. डिक्शनरी ती घेत नाही, लिस्टच्या आत लिस्ट पण घेत नाही, आणि या सगळ्याबद्दल ती तोंडातून चकार शब्द काढत नाही. २०२०.१ च्या आधीच्या युनिटीवर तर स्लॉट<इंट> असं जेनेरिक फील्डसुद्धा सेव्ह होत नव्हतं, त्याचा इंटस्लॉट असा सबक्लास करावा लागायचा. जुन्या प्रोजेक्टमध्ये असे सबक्लास सापडले तर कचरा समजून उडवण्याआधी प्रोजेक्ट कुठल्या व्हर्जनवर आहे ते बघा.

डिक्शनरीसाठी आयसिरियलायझेशनकॉलबॅकरिसीव्हर (सेव्हच्या आधी आणि लोडनंतर आपला कोड चालवू देणारा इंटरफेस) वापरतात ते ठीक आहे, पण नेटवर सगळीकडे जी पद्धत दिसते, कीजची एक लिस्ट आणि व्हॅल्यूजची दुसरी, ती मला आवडत नाही. दोघांनी एकाच प्रीफॅबवर काम केलं आणि मर्जमध्ये एका लिस्टमध्ये एक ओळ जास्त आली की तलवारीची किंमत ढालीला लागते. त्यापेक्षा की आणि व्हॅल्यू एकत्र असलेला एक छोटा सिरियलायझेबल टाइप करा आणि त्याची एकच लिस्ट ठेवा. परत डिक्शनरी भरताना अ‍ॅड वापरू नका, डुप्लिकेट की आली की ते एक्सेप्शन फेकतं, इंडेक्सरने भरा आणि डुप्लिकेटचा लॉग काढा. शिवाय हे कॉलबॅक मेन थ्रेडवरच चालतील याची खात्री नसते, तर त्यांच्या आत युनिटीचे एपीआय कॉल करू नका.

आणि लिस्ट<आयटम> मध्ये तलवार, औषध असे सबक्लास टाकले तर सेव्ह होतात फक्त आयटमची फील्ड. धार, डोस सगळं गळून जातं. २०१९.३ पासून सिरियलाइझरेफरन्स आहे, त्याने हे सुटतं, पण ते फाइलमध्ये क्लासचं नाव, नेमस्पेस आणि असेंब्ली (कंपाइल झालेल्या कोडाची फाइल) लिहून ठेवतं, म्हणजे उद्या तुम्ही क्लासचं नाव बदललं तर जुना डेटा अनाथ होतो, त्यासाठी क्लासवर जुनं नाव सांगणारं मूव्हडफ्रॉम लावायला विसरू नका.

टाइपचं नाव फाइलमध्ये लिहून मोकळं होणं

सबक्लासचा प्रश्न आला की न्यूटनसॉफ्टवाले टाइपनेमहँडलिंग ही टाइपचं नाव फाइलमध्ये लिहिणारी सेटिंग ऑटो किंवा ऑल करतात. एका ओळीत काम झालं म्हणून बरं वाटतं. आता फाइल उघडून बघा, डॉलर-टाइपसमोर लिहिलेलं असतं लिस्ट`१, मग दुहेरी चौकोनी कंसात गेम.आयटम आणि असेंब्ली-सीशार्प, आणि शेवटी एमएसकॉरलिब. यातला प्रत्येक तुकडा पुढे त्रास देतो. प्रोजेक्ट मोठा झाला, तुम्ही असेंब्ली डेफिनिशन फाइल टाकली, की असेंब्ली-सीशार्प हे नाव बदललं आणि सगळे जुने सेव्ह बंद. सर्व्हर आधुनिक डॉटनेटवर असेल तर तो एमएसकॉरलिबच्या जागी सिस्टिम.प्रायव्हेट.कोअरलिब लिहितो आणि युनिटीकडे त्या नावाची असेंब्लीच नसते, म्हणजे एका बाजूने लिहिलेली साधी लिस्ट दुसऱ्या बाजूला वाचता येत नाही.

आणि सुरक्षेचं तर विचारूच नका. फाइलमध्ये लिहिलेलं टाइपचं नाव वाचून ऑब्जेक्ट बनवायचा म्हणजे काय बनवायचं हे फाइल देणारा ठरवणार. क्लाउड सेव्ह असो, मॉड असो, मित्राने पाठवलेला लेव्हल असो, तुम्ही अनोळखी माणसाच्या हातात तुमच्या गेमची किल्ली देताय. मायक्रोसॉफ्टच्या कोड अ‍ॅनालिसिसमध्ये टाइपनेमहँडलिंग ‘नन’ सोडून दुसरं काही वापरू नका असा वेगळा नियमच आहे. बायनरीफॉर्मॅटर या डॉटनेटच्या जुन्या सिरियलायझरची पण हीच गत, तो इतका धोकादायक ठरला की २०२४ मध्ये आलेल्या डॉटनेट ९ मध्ये तो वापरायला गेलं की सरळ एक्सेप्शन येतं, तरी जुन्या ट्युटोरियलमध्ये अजून तोच शिकवला जातो. नवीन शिकणाऱ्यांना कळकळीने सांगतो, ते ट्युटोरियल बंद करा.

करायचं काय, तर स्वतःचा छोटा टॅग. प्रत्येक आयटमला ‘स्वॉर्ड’, ‘पोशन’ असा एक आखूड शब्द आणि कोडात एक तक्ता, कुठला शब्द म्हणजे कुठला क्लास. तक्त्यात नसलेला शब्द आला तर ऑब्जेक्ट बनवायचा नाही, पण तो जेसनचा तुकडा फेकूनही द्यायचा नाही, तसाच बाजूला ठेवून पुढच्या सेव्हला परत लिहायचा, म्हणजे नवीन व्हर्जनचा सेव्ह कोणी जुन्या फोनवर उघडला तरी त्याची वस्तू हरवत नाही. या तक्त्यात सगळे बंद टाइप नावानिशी येतात, त्यामुळे वर सांगितलेल्या एओटीच्या कटकटीचा बराच भाग इथेच मिटतो.

मेसेजपॅक, मेमरीपॅक किंवा सोर्स जनरेटरवालं सिस्टिम.टेक्स्ट.जेसन घेतलं तर कोड कंपाइलच्या वेळीच बनतो, हा रस्ता चांगलाच आहे, पण तिथेही लिस्ट<आयटम> लागणार असेल तर ते आधी जनरेटरच्या नजरेत आलं पाहिजे. मेसेजपॅकसारख्या ठिकाणी फील्डला ओळख म्हणून दिलेला आकडा एकदा वापरला की तो परत दुसऱ्या फील्डला द्यायचा नाही. ईनमला पण आकडे हाताने द्या, मधेच नवीन नाव घुसवलं की खालचे सगळे एकेक घर सरकतात.

टी मधून स्ट्रिंग, स्ट्रिंगमधून टी

जेनेरिक सेटिंग्ज क्लासमध्ये हमखास दिसणारी ओळ म्हणजे कन्व्हर्ट.चेंजटाइप. कल्चर दिलं नाही तर ती मशीनची चालू भाषा वापरते. जर्मन विंडोजवर टिंब हे हजाराचं चिन्ह आहे, त्यामुळे फाइलमधला 1.5 तिथे पंधरा म्हणून वाचला जातो आणि माउस सेन्सिटिव्हिटी दहापट होते. प्रत्येक ठिकाणी इन्व्हेरियंटकल्चर द्या, लिहिताना पण आणि वाचताना पण.

आपल्याकडे याचाच एक भाऊबंद आहे. सी-शार्पमध्ये पूर्णांकाचं टूस्ट्रिंग मराठी फोनवरही इंग्रजी आकडेच देतं, पण अँड्रॉइड प्लगइन जावा किंवा कोटलिनमध्ये असेल आणि त्यात स्ट्रिंग.फॉरमॅट लोकेल न देता वापरलं असेल, तर फोनची भाषा मराठी असताना ५ हा देवनागरीतला पाच येतो. हिंदी फोनवर मात्र 5 च येतो, त्यामुळे टेस्टिंगमध्ये हे निसटतं. प्लगइनने फाइलचं नाव ‘स्लॉट_५’ केलं आणि सी-शार्प ‘स्लॉट_5’ शोधत बसलं की सेव्ह जागेवर असूनही सापडत नाही. तिथे लोकेल.रूट द्या, आणि टेस्टच्या फोनपैकी एकाची भाषा कायम मराठीच ठेवा.

टेस्ट कुठे करायची हा प्रश्न राहतो. सेव्हमध्ये जाणाऱ्या प्रत्येक बंद टाइपचा नमुना भरून लिहा, वाचा, पुन्हा लिहा आणि दोन्ही स्ट्रिंग सारख्या आहेत का ते बघा, पण पहिल्या वाचनानंतर भरलेल्या किमतीही तपासा, कारण दोन्ही वेळा रिकामं आलं तरी स्ट्रिंग सारख्याच दिसतात. हे एडिटरमध्ये नाही, डेव्हलपमेंट बिल्डमध्ये, गेम सुरू होतानाच, रिलीजला असेल त्याच स्ट्रिपिंग लेव्हलवर. प्रत्येक रिलीजचा एक खरा सेव्ह प्रोजेक्टमध्ये जपून ठेवा आणि नवीन बिल्डने ते सगळे उघडून बघा. आणि लोड फसलं तर ऑटोसेव्ह तिथेच थांबवा, जुन्या फाइलची प्रत बाजूला काढा, मग पुढे काय ते ठरवा.