लुझर्न-झुगकडे नवीन आलेल्यांसाठी : लेक आणि डोंगर कसे बघायचे

स्वित्झर्लंडमधल्या झुग, लुझर्न, रोटक्रॉयझ या भागात नोकरीसाठी आलेल्या मराठी मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात, आधी घर, मग शाळा आणि मग वीकेंडला कुठे जायचं. घर-शाळेचं सांगणारे इथे पुष्कळ भेटतील, मी तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते कारण मला मनापासून वाटतं की इथे राहायला येऊन हा परिसर नीट न बघणं फार मोठं नुकसान आहे, आणि बरेच जण तो बघतात तो टूरवर आल्यासारखा. म्हणजे पहिल्याच महिन्यात टिटलिस, दुसऱ्यात युंगफ्राऊ, फोटो झाले, संपलं. अहो, तुम्ही चार दिवसांच्या पॅकेजवर आलेला नाहीत, तुम्ही इथे राहताय. टूरवाल्या माणसाला ढग असले तरी वर जावंच लागतं, तुम्ही मात्र शनिवारी सकाळी उठून खिडकीतून बघून, वेबकॅम बघून ठरवू शकता, तर तसंच करा. इथल्या प्रत्येक डोंगराचा लाइव्ह वेबकॅम असतो. तो न बघता वरचं तिकीट काढायचंच नाही.

सगळ्यात आधी हाल्बटॅक्स कार्ड काढा. ट्रेन, बोटी आणि बहुतेक सगळे रोपवे यावर अर्ध्या किमतीत होतात, दोन-चार ट्रिपमध्ये पैसे वसूल. कंपनीने जीए (सगळ्या सार्वजनिक वाहतुकीचा पास) दिलं असेल तर तुमची चैनच आहे, लुझर्नच्या लेकवरच्या बोटी आणि रिगी डोंगराची गाडी त्यातच येते, पिलाटस आणि टिटलिसला मात्र जीएवर अर्धं तिकीट पडतं. ६ वर्षांखालच्या मुलांना ट्रेनला तिकीट नाही आणि त्यापुढे १६ पर्यंत ज्युनियर कार्ड काढलं की आई किंवा बाबांबरोबर वर्षभर फिरता येतं, ते अगदी स्वस्त आहे, आल्या आल्या काढून टाका. लांब जायचं असेल तर एसबीबीच्या (इथल्या रेल्वेच्या) ॲपवर श्पारटागेसकार्टे (सवलतीचा एका दिवसाचा पास) बघा, जितक्या आधी घ्याल तितकी स्वस्त.

आता माझा आग्रह. पहिल्यांदा डोंगर नको, बोट. लुझर्न स्टेशनच्या बाहेर पडलात की समोरच धक्का आहे, तिथून फ्ल्यूलेनपर्यंत बोट जाते, पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, आणि येताना ट्रेनने तासाभरात परत. हा लेक सरळ नाहीये, त्याला फाटे आहेत, वळणं आहेत, प्रत्येक वळणानंतर डोंगर बदलतात, त्यामुळे एका दिवसात सगळा भूगोल डोक्यात बसतो, हा रिगी, तो पिलाटस, ते ब्युर्गेनश्टोक, आणि नंतर कुठे जायचं ते आपोआप कळायला लागतं. वाफेवर चालणाऱ्या पाच जुन्या बोटी अजून चालू आहेत, सगळ्यात जुनी 'उरी' १९०१ ची आणि सगळ्यात नवी 'श्टाट लुझर्न' १९२८ ची, टाइमटेबलमध्ये वाफेच्या बोटीची खूण असते ती बघून जा. मधल्या मजल्यावर उघडं इंजिन दिसतं, मोठाले दांडे फिरत असतात, मुलं तिथून हलत नाहीत. डबा खुशाल न्या, धपाटे, चपातीचे रोल, काहीही.

ब्रुनेननंतर लेक एकदम दक्षिणेला वळतो आणि अरुंद होतो, दोन्हीकडे कडे सरळ पाण्यात उतरलेले. हा उरी कँटनच्या (राज्याच्या) बाजूचा भाग, आणि मला विचाराल तर सगळ्या लेकमधला हा सर्वात सुंदर तुकडा. इथेच र्युट्लीचं कुरण आहे, जिथे १२९१ मध्ये तीन कँटनच्या लोकांनी शपथ घेतली असं स्विस लोक मानतात, १ ऑगस्टची सुट्टी त्याचीच. गाडी तिथे जात नाही, बोटीने उतरायचं नाहीतर चालत यायचं. त्याला ७०० वर्षं झाली तेव्हा १९९१ मध्ये या तुकड्याला वळसा घालणारी ३५ किलोमीटरची पायवाट केली, र्युट्लीपासून ब्रुनेनपर्यंत, आणि त्यात प्रत्येक स्विस माणसासाठी ५ मिलिमीटर वाट असा हिशोब धरून प्रत्येक कँटनला तुकडा दिलाय, कोणता कँटन आधी सामील झाला त्या क्रमाने. एका दिवसात करायची गरज नाही, जिथे दमाल तिथे बोटीचा थांबा बघा आणि परत या. फ्ल्यूलेनजवळ रॉयस नदी लेकला मिळते तिथे पोहायची छोटी बेटं आहेत, गोटहार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यातून निघालेला दगड टाकून केलेली. जुलै-ऑगस्टमध्ये पोरांना घेऊन जाच.

पोहण्यावरून एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्यापैकी बरेच जण पोहायला शिकलेले नसतात आणि इथलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून उथळ वाटतं, तसं ते नाही. लेक २१४ मीटरपर्यंत खोल आहे आणि कित्येक ठिकाणी काठापासून दोन पावलांवर जमीन संपते. पोहता येत नसेल तर लुझर्नच्या लिडोसारख्या ठिकाणीच पाण्यात उतरा, तिथे लाइफगार्ड असतो, किंवा सरळ पोहण्याचा क्लास लावा, मोठ्यांसाठीही असतात आणि लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. काठावर नारिंगी दिवे आहेत, ते मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराचा वारा येऊ शकतो, ९० वेळा म्हणजे वादळ येतंय, भाड्याची पेडल बोट घेतली असेल तर लगेच काठाला या. उरीच्या बाजूला दक्षिणेकडून फ्योन नावाचा गरम वारा सुटतो, तो स्वच्छ उन्हातही लाटा उठवतो, त्यामुळे आकाश निळं आहे यावर जाऊ नका.

डोंगरांमध्ये पहिला नंबर रिगीचा. फिट्झनाऊवरून वर जाणारी दातेरी रुळाची गाडी १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरावर चढणारी रेल्वे, आणि आजही रोज चालते. वर काल्टबाडहून शाइडेकपर्यंत जी वाट आहे ती एका बंद पडलेल्या जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जाते, म्हणून जवळजवळ सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना आणि बाबागाडीतल्या बाळाला दोघांनाही जमते. शाइडेकहून क्रेबेलला रोपवेने उतरा, तिथे आर्थ-गोल्डाऊची गाडी मिळते. गोल्डाऊत उतरलात की समोरच्या डोंगराची खरवडलेली बाजू बघा, १८०६ च्या सप्टेंबरमध्ये तो कडा खाली आला आणि ४५७ माणसं गेली, त्याच दगडांच्या राशीत आता प्राणीसंग्रहालय आहे, हरणं मोकळी फिरतात.

पिलाटसला आल्पनाखश्टाडकडून गाडीने चढा आणि क्रीन्सकडून रोपवेने उतरा. ती गाडी ४८ टक्के चढ चढते पण हिवाळ्यात बंद असते. श्टान्सरहोर्नला रोपवेचा वरचा मजला उघडा आहे, फार मजा येते. श्टोसची फ्युनिक्युलर (दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे) ११० टक्के चढाची, जगातली सगळ्यात तीव्र, पण श्टोसला केवळ तिच्यासाठी जाऊ नका, क्लिंगेनश्टोक ते फ्रोनआल्पश्टोक ही धारेवरची वाट चाला, एका बाजूला लेक खाली पसरलेला असतो. टिटलिस पाहुण्यांसाठी ठेवा, तुम्हाला त्यांच्याबरोबर जावंच लागणार आहे. स्वतःसाठी त्याच एंगेलबर्गहून चार तळ्यांची वाट करा, ट्र्युबझेवरून योखपास ओलांडून मेल्खझे-फ्रुटला.

सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना दम कमी पडणार नाही, पण इथल्या अडचणी वेगळ्या आहेत. जूनमध्येही २००० मीटरवर वाटेत बर्फाचे पट्टे असतात आणि त्यावर साधे स्पोर्ट शूज सरळ घसरतात. नुसती पिवळी पाटी असेल तर कुणीही जा, पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की घोट्यापर्यंतचे बूट हवेत, पांढरा-निळा-पांढरा असेल तर अनुभवी माणसाशिवाय नको. शेवटचा रोपवे किती वाजता ते वर पोचल्या पोचल्या बघून ठेवा, बरेच पाच-साडेपाचला बंद होतात. अडकलात तर हेलिकॉप्टरच्या रेस्क्यूचा नंबर १४१४, फोनमध्ये आत्ताच टाका. उन्हाळ्यात गवतातून आल्यावर अंग, विशेषतः मुलांचं, टिक (गोचीड) चिकटलीय का म्हणून तपासा, टिकमुळे होणाऱ्या आजाराच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर डोंगरावरच्या हॉटेलात एल्प्लरमागरोनेन मागा, मॅकरोनी, बटाटा, क्रीम, चीज आणि सोबत सफरचंदाचं पन्हं नव्हे, घट्ट गर. काही ठिकाणी त्यात बेकन असतं म्हणून 'ओने श्पेक' सांगायचं. जे कडक शाकाहारी आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा की ग्र्युयेर, श्ब्रिन्झ ही पारंपरिक चीज वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) घालून करतात. जंगलात जागोजागी शेकोटीच्या जागा असतात, बऱ्याच ठिकाणी लाकडंही ठेवलेली, तिथे कणसं भाजा, वांगं भाजून भरीत करा, फक्त कोरड्या दिवसांत आग लावायला बंदी आहे का ते बघून.

नोव्हेंबर-डिसेंबरला घाबरू नका. लेकवर राखाडी धुकं आठवडा-आठवडा बसून राहतं आणि पहिल्या वर्षी बहुतेकांना उदास वाटतं, पण पुष्कळदा ते फक्त हजारेक मीटरपर्यंतच असतं. वेबकॅमवर वर ऊन दिसलं की लगेच रिगी गाठा, दोन तास उन्हात बसून या, सोमवार वेगळा जातो. फेब्रुवारीत लुझर्नचा फासनाख्ट (कार्निव्हल), गुरुवारी पहाटे पाचला मोठ्या धमाक्याने सुरू होतो, ऑफिसला उशीर झाला तरी एकदा जाच.

आई-बाबांना बोलवायचं असेल तर त्यांच्यासाठी टेल-पास बघा, २ ते १० दिवसांचा मिळतो, बोटी, रिगी, पिलाटस, टिटलिस, श्टान्सरहोर्न सगळं त्यात येतं. आणि सगळे मे महिना धरतात पण मे मध्ये वरच्या वाटा बर्फाखाली असतात आणि पाऊसही भरपूर. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत हवा स्थिर असते, बोटी चालू असतात, पिलाटसची गाडी चालू असते, आणि सप्टेंबरअखेर श्युप्फहाइमला डोंगरावरच्या गाई फुलांनी सजवून खाली आणतात, आपला बैलपोळा बघितलेल्या माणसांना ते फार आवडतं. तिकिटं काढायच्या आधी तारखा तशा धरा.