‘गादी सरकली’ म्हणजे काय, आणि पायातली कळ कशी ओळखायची

‘गादी सरकली’ असं सर्रास म्हणतात, पण मणक्यांमधली गादी सरकत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्याला पक्की चिकटलेली असते. तिचं बाहेरचं कडं चिवट तंतूंचं आणि आतला गर मऊ, बुळबुळीत. कड्याला चीर गेली की गर मागे, बहुधा जरा एका बाजूला बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला भिडतो. दाब हे अर्धंच कारण. गरातल्या रसायनांनी नस सुजते आणि मग थोडासा दाबही सोसत नाही.

दुखणं कुठपर्यंत उतरतं ते आधी बोटाने रेखून पाहा. कंबर-कुल्ल्यापाशीच थांबत असेल, तर नस दबली असं लगेच धरू नका. गुडघ्याखाली उतरणारी, खोकताना-शिंकताना सणकणारी, बसल्यावर वाढणारी कळ मात्र नसेची असण्याची शक्यता जास्त.

कंबरेतल्या बहुतेक गाद्या शेवटच्या दोन जागी फाटतात. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली फाटली, तर कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे जाते. अंगठा वर उचलायला जोर पुरत नाही, टाचांवर चालताना पाऊल खाली पडतं. त्याखालची फाटली, तर पोटरीची मागची बाजू, टाच आणि करंगळीकडची कड बधिर होते. भिंतीला हात टेकून एकेका पायाच्या चवड्यावर दहा वेळा अंग उचलून पाहा. दुखरा पाय आधी दमतो.

उताणं झोपून, गुडघा सरळ ठेवून दुसऱ्याला पाय हळू उचलायला सांगा. साधारण 30 ते 70 अंशांत गुडघ्याखाली कळ गेली, तर नसेवर संशय घ्यावा. नुसते मांडीच्या मागचे स्नायू ताणले तर ती खूण नव्हे. इथेच बहुतेकांची गफलत होते.

एमआरआयची घाई नको. काहीच न दुखणाऱ्या माणसांच्या चित्रातही फुगलेल्या गाद्या दिसतात. अहवालातली जागा आणि पायातल्या कळेची वाट जुळली, तरच त्याला अर्थ.

अंथरुणात फार तर एक-दोन दिवस पडून राहावं, नंतर सोसवेल तितकं चालावं. दर 20-30 मिनिटांनी खुर्चीतून उठावं. पुढे वाकून उचलणं आणि त्याच वेळी कंबर पिळणं टाळावं. पायातली कळ वर सरकत कंबरेत आली, तर कंबर जास्त दुखली तरी ते सुधारणेचं लक्षण. बहुतेकांना 6 ते 12 आठवड्यांत बराच उतार पडतो, कारण बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं. गंमत म्हणजे मोठा, सुटा तुकडा पुष्कळदा छोट्या फुगवट्यापेक्षा लवकर विरतो.

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, गुप्तांगाभोवती आणि मांड्यांच्या आत बधिरपणा, दोन्ही पायांत अशक्तपणा यांपैकी काहीही दिसलं तर मध्यरात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा. तिथे दिवस नव्हे, तास मोजले जातात. पाऊल अचानक लुळं पडलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.