बिघाडाचे निदान यंत्राला शिकवण्याआधी

वीजवाहिन्यांवरील बिघाड संगणकाकरवी ओळखण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: अल्गोरिदमला हात घालण्यापूर्वी खऱ्या बिघाडांच्या किमान शंभर नोंदी, म्हणजे त्या वेळी टिपलेले व्होल्टेज आणि प्रवाहाचे आलेख, स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मला हे ऐरोलीत प्रकल्प करताना, जरा उशिराच, उमगले.

एम.टेक.च्या त्या प्रकल्पासाठी मी २२ के.व्ही. वाहिनीचे प्रतिमान संगणकावर उभे केले, त्यावर हजारो कृत्रिम बिघाड घडवले आणि बिघाड कोणत्या फेजवर, म्हणजे वाहिनीच्या तीन तारांपैकी कोणत्या तारेवर, आहे हे ओळखणारे न्यूरल नेटवर्क त्यांच्याच आधारे तयार केले. चाचणीत ते क्वचितच चुकत असे. मग एका उपकेंद्रातील रिलेमधून (बिघाड ओळखून ब्रेकरला वीज तोडायला लावणाऱ्या उपकरणातून) उतरवलेली खरी नोंद त्याला दिली, तेव्हा त्याने ठामपणे सांगितले की आर फेज जमिनीला लागली आहे. शेजारी बसलेल्या रिले टेस्टिंगच्या साहेबांनी पडद्यावर पेनाचे टोक टेकवले. प्रवाहाची शिखरे शून्यरेषेच्या एकाच बाजूला होती, दोन शिखरांमधली रेषा जवळजवळ सपाट होती आणि प्रत्येक शिखर आधीच्यापेक्षा किंचित ठेंगणे होते. ते म्हणाले, "हा फॉल्ट नाही, ट्रान्सफॉर्मर चार्ज केलाय."

ट्रान्सफॉर्मर चालू करताना त्याचा गाभा संपृक्त होऊन असा प्रवाह ओढला जातो. त्यात १०० हर्ट्झचा, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या दुप्पट असलेल्या दुसऱ्या हार्मोनिकचा, वाटा मोठा असतो आणि तो ओळखूनच डिफरन्शियल रिले (ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारा आणि बाहेर येणारा प्रवाह ताडून पाहणारा रिले) ट्रिप, म्हणजे वीज तोडणे, रोखून धरतो. निरोगी जाळेही आजारी दिसू शकते हे मला सुचलेच नव्हते, त्यामुळे माझ्या हजारो नमुन्यांत असा एकही नमुना नव्हता.

नोंद वाचताना आधी व्होल्टेज पाहावे. एक फेज जमिनीला लागली असेल तर तिचे व्होल्टेज खचते, तिचा प्रवाह उसळतो आणि न्यूट्रलमध्येही, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या वाटेतही, प्रवाह दिसतो; जमिनीशी संबंध नसताना दोन फेज एकमेकींना लागल्या असतील तर त्यांचे प्रवाह परस्परविरुद्ध दिशेने उसळतात आणि न्यूट्रल जवळजवळ शांत राहते. त्यानंतर बिघाड सुरू झाल्यापासून ब्रेकर उघडेपर्यंतची आवर्तने मोजावीत. आपल्याकडे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते.

नोंदींवर वेळ टाकणाऱ्या घड्याळांकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील वीज गेली, तशा घटनेत आधी काय ट्रिप झाले आणि नंतर काय, हे अनेक उपकेंद्रांच्या नोंदी जुळवूनच ठरते. जीपीएसशी न जुळवलेले एखादे घड्याळ अर्धा सेकंद जरी पुढे असले, तरी परिणामालाच कारण ठरवणारा निष्कर्ष निघू शकतो आणि कोणतेही प्रगत मॉडेल ती चूक आपणहून सुधारत नाही.

पावसाळा सुरू झाला की भूमिगत केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरून बिघाड वाढतात. त्या दिवसांत परवानगी काढून रिले टेस्टिंगच्या लोकांसोबत बसा, कॉमट्रेड (अशा नोंदींच्या फाइलचे प्रमाणित स्वरूप) स्वरूपातील नोंदी मागून घ्या आणि एक वही ठेवा. माझ्या वहीत मी आजही आधी माझे निदान निळ्या शाईने लिहितो आणि खोदकामानंतर प्रत्यक्षात जे सापडले, ते त्याच्याशेजारी लाल शाईने.