ऑडिओलॉजिस्टकडे पहिल्यांदा जाताना

ऐकू कमी येतंय हे बहुतेकदा आपल्याआधी घरच्यांच्या लक्षात येतं. म्हणून तपासणीला रोजच्या बोलण्यातलं कुणीतरी सोबत न्या. ‘मला ऐकू येतं’ असं तुम्ही म्हणाल, आणि पाठमोरे असताना हाक पोचत नाही हे ते सांगतील. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला, दोन्ही गोष्टी कळायला हव्यात.

चालू औषधांची यादी जवळ ठेवा. कर्करोगावरच्या सिस्प्लॅटिनसारखी काही औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. आदल्या दिवसापासून दणदणीत आवाजात जाऊ नका, त्याने कान तात्पुरते मंदावतात. आणि ‘स्वच्छ करून जाऊ’ म्हणून काडी अजिबात घालू नका, मळ आणखी आत सरकतो.

सुरुवातीला प्रश्न विचारतात: त्रास कधीपासून, एका कानाला की दोन्ही, कानात गुणगुण होते का, चक्कर येते का. मग ओटोस्कोप या छोट्या दिव्याच्या उपकरणाने कानात डोकावतात. मळ दाटला असेल तर आधी तो काढावा लागतो.

मुख्य तपासणी आवाजबंद खोलीत होते. कानावर हेडफोन, हातात बटण. साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ हे सुराच्या पट्टीचं माप) सूर एकेक करून ऐकवतात आणि प्रत्येकाचा आवाज कमी कमी करत नेतात. शेवटी ऐकलं की भास झाला, हेच कळत नाही. तिथे बहुतेक जण कचरतात. पण त्याच क्षणी बटण दाबायचं, कारण अगदी अंधूक ऐकू येणारी पातळीच शोधायची असते. ही परीक्षा नाही, चुकलं तरी चालतं. नंतर कानामागच्या हाडावर छोटं कंपन देणारं यंत्र लावतात. हाडातून चांगलं आणि हेडफोनमधून कमी ऐकू आलं, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो. दोन्हीकडून सारखंच कमी असेल, तर आतल्या कानात किंवा नसेत.

ऐकवलेले शब्दही परत म्हणायला लावतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार खरी असते: स, श, फ यांसारखे बारीक, उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात.

हाती येतो तो ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. खुणा जितक्या खाली, तितका मोठा आवाज लागतो. ‘किती टक्के ऐकू येतं’ असं विचारू नका, त्यावरचे डेसिबल हे आवाज किती मोठा याचं माप आहे, टक्के नव्हेत. त्यापेक्षा ‘रोजच्या बोलण्यातलं माझं काय निसटतंय’ असं विचारा.

श्रवणयंत्र सुचवलं, तर त्याच दिवशी ठरवायची घाई नको. ते लावून बघायला मागा. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट आणि स्वतःचा आवाजही बोचतो. मेंदूला सरावायला काही आठवडे लागतात.

एका कानाचं ऐकणं अचानक, तासाभरात किंवा दोनतीन दिवसांत गेलं असेल, तर मात्र या भेटीची वाट बघू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा; उपचार जितके लवकर, तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त.